मोठीमायची किताब

वय झालं की माणसानं मागचं विसरावं, ज्यानं वाईट केलं त्याला माफ करून मोकळं व्हावं, असं माझी सून सकाळचा चहा देताना मला सांगते. कुठल्याशा प्रवचनात ऐकून येते बिचारी. मी मान डोलावते, चहा पिते आणि माफ करत नाही. अमरावतीच्या या घरात माझ्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली, पलटणीतल्या कवायतीची एक जुनी किताब आहे. तपकिरी चामड्याचा पुठ्ठा, कोपरे झिजलेले, आत बंदूक खांद्यावर घेतलेल्या शिपायांची चित्रं. नातू म्हणतो, आजी, ही एखाद्या संग्रहालयाला देऊन टाक, लोक काचेतून बघतील. मी त्याला म्हटलं, बघू दे की, पण पहिलं पान उघडं ठेवणार असतील तरच देईन. त्या पानावर काय लिहिलंय ते त्याला ठाऊक आहे, म्हणून तो हसला.

आमचं घर अंजनगाव सुर्जीचं. आमचे पानमळे होते, म्हणजे विड्याच्या पानांचे. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना ती सावली सांगून कळायची नाही. शेवरीच्या उंच सरळ झाडांवर वेल चढवलेले, मधून अरुंद वाटा, पायाखाली कायम ओली गार माती, आणि बाहेर वऱ्हाडातलं ऊन कवटी तापवत असताना आत मात्र थंडावा. आवाज म्हणाल तर मोटेचा. चाकाची करकर, पाणी थारोळ्यात ओतल्याचा धबका, आणि त्यावर माझ्या मोठीमायचा आवाज. मोठीमाय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. ती मोटेच्या बैलांना "हाल्ट!" म्हणायची आणि बैल जागच्या जागी थांबायचे. "अबाऊट टर्न" म्हटलं की वळायचेसुद्धा. नवीन माणूस हे ऐकून चकित व्हायचा. बैलांना इंग्रजी कोणी शिकवलं, असं विचारलं की ती म्हणायची, "माह्या मालकानं मले शिकवलं, मी बैलाईले शिकवलं. बैल लवकर शिकले."

तिचा हा मालक, माझे मोठे बाबा श्रावण, मी पाहिलेच नाहीत. माझ्या जन्माच्या आधीच ते पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याकडे ताप येऊन गेले. पण घरात त्यांचा वावर असा होता की मला वाटायचं, आता येतील आणि अंगणात खाटेवर बसतील. मोठीमायला मूलबाळ नव्हतं. माझी आई सकाळी चुलीला लागायची, म्हणून मी मोठीमायच्याच मागे मागे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, वर मिरचीचा भुरका आणि कच्च्या तेलाची धार, हे घेऊन आम्ही दोघी मळ्यात जायचो आणि विहिरीच्या कठड्यावर बसून खायचो. खाताना ती एकच गोष्ट सांगायची, ती किताबेची. मला ती इतकी पाठ होती की ती कुठे थांबली तर मी पुढची ओळ सांगायची.

गोष्ट अशी. परतवाड्याला पूर्वी निजामाच्या पलटणीची छावणी होती. तिथल्या एका गोऱ्या सारजंटाकडे ही किताब होती. तो विलायतेला परत जाताना त्यानं ती आपल्या हाताखालच्या एका शिपायाला दिली, जो पुढे सुभेदार रहीमखान म्हणून नावाजला. देताना त्यानं स्वतःच्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं. तेव्हापासून रिवाज पडला. किताब ज्याला मिळेल त्यानं आपलं नाव स्वतः लिहायचं नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव लिहायचं, म्हणजे ती मागून मिळाली नाही, कमावली, हे पानावर राहतं. सुभेदारसाहेब म्हातारे झाले तेव्हा त्यांनी पलटणीतल्या सगळ्या पोरांतून मोठ्या बाबांना निवडलं आणि उर्दूत त्यांचं नाव लिहून किताब त्यांच्या हातात ठेवली. मोठे बाबा रजेवर आले ते ती छातीशी धरूनच. त्या दसऱ्याला घरच्या विळ्या-कोयत्यांशेजारी किताब पूजेला मांडली होती आणि मोठीमायनं पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. कुंकू तेलात कालवलेलं, त्यामुळे डाग पक्का बसला. मोठे बाबा आधी रागावले, सरकारी चीज खराब केली म्हणून, आणि मग म्हणाले, आता ही घरची झाली. त्यानंतर रजा संपेपर्यंत ते अंगणात तिला कवायत शिकवत होते आणि माझी आजी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

मग किताब घेऊन ते लढाईवर गेले आणि परत आली ती त्यांची पेटी. पेटी घेऊन त्यांचा दोस्त आला होता, माधोराव हवालदार, अकोल्याच्या जुन्या शहरातला. दोघे एका तंबूत राहिलेले. घरात रडारड चाललेली, तरी मोठीमायनं उठून त्याच्यासाठी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, कारण मालकाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ असलेला हा माणूस. हवालदार पोटभर जेवला. पेटीत गणवेश होता, कांबळ होतं, एक पितळी गडवा होता. किताब नव्हती. विचारलं तर म्हणाला, "ते तं सरकारनं जमा केली, वैनी. मेलेल्या शिपायाचं पुस्तक सरकार ठेवून घेते." आमच्या घरात सरकारला प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. मोठीमायनं मान हलवली आणि त्याला वाटेसाठी आणखी चार पातोड्या बांधून दिल्या. त्या पातोड्यांची आठवण पुढे तिला फार झोंबायची.

मी सहावी पास झाले त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आम्ही पानं घेऊन अकोल्याला गेलो. सणाला पानाला उठाव असतो. करंड्यांत केळीची पानं अंथरून, वर ओलं फडकं घालून माल नेला आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात व्यापाऱ्याकडे उतरवला. दसऱ्याच्या दिवशी गल्लीत ताशे वाजायला लागले म्हणून आम्ही बघायला गेलो. एका आखाड्यापुढे मांडव होता. पांढरे सदरे घातलेली मुलं रांगेत उभी, आणि पुढे खाकी कोट, मिशांना पीळ, पायात चकाकणारे बूट घातलेला एक गृहस्थ. आखाड्याच्या मातीत कोणी जोडा घालून उभं राहत नाही, पण हा उभा होता. त्याच्या शेजारी खुर्चीवर झेंडूच्या माळेत किताब ठेवलेली. मोठीमायनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. किताबेच्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची तिची बोटं होती.

तो माधोराव हवालदारच होता, आणि मुलांना किताब उघडून दाखवत होता. "पहिला मालक गोरा सारजंट. मंग सुभेदार रहीमखान. आन् तिसरा, तुमचा हा मास्तर. अशी इज्जत मागून भेटत नाई पोट्टेहो, कमवा लागते."

मोठीमाय गर्दी सारून पुढे गेली. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्यावर पानाची रिकामी करंडी. तिनं विचारलं, "आन् श्रावण कुठी गेला त्याच्यातून?"

त्यानं तिला ओळखलं. मी त्याचा चेहरा पाहत होते, त्यामुळे मला कोणी वेगळं सांगू नये. क्षणभर त्याची मिशी हलली. मग तो हसला आणि गर्दीकडे तोंड करून बोलला, "कोन श्रावण? तो अंजनगावचा? अवं बाई, तो तं खच्चरं हाकलत होता पलटणीत. त्याले डावा पाय कोनता न् उजवा कोनता हे समजत नव्हतं. त्याच्या हाती किताब कोन देईन?"

गर्दी हसली. माझ्या कानात ते हसणं अजून आहे. मुलं हसली, ताशेवाले हसले, कठड्यावर बसलेल्या बायकासुद्धा हसल्या, ज्यांनी सकाळीच आमच्याकडून पानं घेतली होती. मला रडू फुटलं. मोठीमाय रडली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, ती त्याच्या बुटांकडे बघत होती. चोरी मी एक वेळ समजू शकते. चांगली वस्तू बघून माणसाची नियत फिरते. पण चोरी लपवायला मेलेल्या दोस्ताला त्याच्याच बायकोसमोर खच्चरवाला करायचं, याला मी आजही शिक्षा शोधत असते आणि मला कुठलीच पुरेशी वाटत नाही.

परत येताना मोर्णेच्या पुलावर मी म्हटलं, "मोठीमाय, पोलिसात सांगू." ती म्हणाली, "पोलीस कोनाचे? त्याचे का आपले?" थोडं चालल्यावर तिनं करंडी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "त्याले बूट काढाची सवय नाई, इंदे. पाह्यलं तू?" मला तेव्हा काही समजलं नाही.

आता पानमळ्याचा एक नियम सांगायला हवा. पानमळ्यात कोणी जोडा, वहाण घालून जात नाही. राजा असो की भंगी असो, पायताण कुंपणाच्या बाहेर. वेल ही नागदेवाची, तिला विटाळ चालत नाही, वेल सुकते अशी आमच्याकडे पक्की समजूत. आणि कोणी पायताणासकट आत शिरलाच, तर त्याच्या हातात त्या वेळी जे असेल ते मळ्यातल्या नागदेवाच्या ओट्यावर ठेवावं लागायचं. ठेवलेलं परत मिळत नसे, ते मळेवाल्याचं होई. एका बैलाच्या दलालाची नवी छत्री अशी आमच्या घरी आली होती आणि ती पुढे कितीतरी पावसाळे चालली. गावातला माणूस ही चूक करायचा नाही, बाहेरचा करायचा.

त्यानंतर दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि सरकारला पोरं हवी झाली. गावोगाव भरतीवाले हिंडू लागले. त्यांच्याबरोबर जुने हवालदार असायचे, पोरांपुढे छाती काढून बोलायला. अंजनगावच्या बाजारात दवंडी झाली की अकोल्याचे माधोराव हवालदार येणार आहेत, सोबत पलटणीची जुनी किताब घेऊन. मोठीमाय तेव्हा पानं निवडत होती. तिनं हातातलं पान खाली ठेवलं आणि डोळे मिटले. मी तिला इतकी सुखी कधी पाहिली नव्हती.

तयारी तिनं केली, आणि मी केली, हेही लिहून ठेवते, नाहीतर सगळं श्रेय तिलाच जाईल. मळ्याच्या कुंपणाबाहेर नेहमी जोड्यांचा ढीग असतो, तो बघून आंधळ्यालाही कळेल. म्हणून तिनं त्या दिवशी गड्यांना, बायांना, शेजारच्या मळेवाल्यांना घरून अनवाणीच यायला सांगितलं. ढीगच राहिला नाही. पंचांतले म्हातारे सखारामबुवा, ज्यांचा शब्द सगळे पानमळेवाले मानायचे, त्यांना तिनं आत ओट्याजवळ पान खायला बसवून ठेवलं. आणि मला वेणी घालून, धुतलेलं परकर-पोलकं घालून बाजारात पाठवलं, हवालदाराला आमंत्रण द्यायला. त्यानं मला ओळखलं नाही. अकोल्याच्या गर्दीत रडणाऱ्या पोरीकडे कोण बघतं?

मी हात जोडून म्हटलं, "हवालदारसाहेब, आमच्या मळ्यात चाला नं. वेलीवरचं ताजं पान पयलं पाहुन्याले देतो आमी. पोट्टेही येतील तुमच्या मांगं." साहेब म्हटल्यावर त्याचा कोट एका बटणानं फुगला. एका काखेत रूळ, हातात किताब, मागे भरतीला उत्सुक असलेली गावची पोरं, असा तो निघाला. पोरांनी कुंपणाशी येताच वहाणा काढल्या, पण ती त्याच्या मागे होती. मी पुढे होते. कोणी म्हणेल की मी सांगायला हवं होतं. मी वाट दाखवत राहिले, "असे या, इकून या," म्हणत, आणि मागे बुटांखाली ओली माती चपचप वाजत होती. त्या आवाजासारखा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

ओट्यापाशी पोचलो आणि सखारामबुवा उठून ओरडले, "अरे कोन हाय हा! बूट घालून वेलीत शिरला!" चारी बाजूंनी माणसं आली. हवालदार गोंधळला, मग गुरगुरला, "मी सरकारी कामानं आलो हावो." बुवा म्हणाले, "सरकार बाहीर. आत नागदेव हाय. हातात काय हाय ते ठेवा ओट्यावर." त्याला रिवाज समजावून सांगितला तेव्हा त्यानं काखेतला रूळ काढून पुढे केला. मग मनगटावरचं घड्याळ सोडायला लागला.

"ते हातात नव्हतं," वेलीमागून मोठीमाय म्हणाली. "हातात किताब होती."

ती समोर आली. या वेळी डोक्यावर करंडी नव्हती. त्याचं तोंड उतरलं. त्यानं पोरांकडे बघितलं, की ही पोरं तरी आपल्या बाजूनं बोलतील. पण ती आमच्याच गावची, त्यांच्या आयाबहिणी याच मळ्यांत राबणाऱ्या. एक जण म्हणाला, "ठेवा नं मास्तर. नाई तं आमी नाव देत नाई भरतीले." दुसऱ्यानं पाठ फिरवलीसुद्धा. बाजारात गोरा साहेब खुर्ची टाकून बसला होता आणि हवालदाराला रिकाम्या हातानं परत जाणं परवडणार नव्हतं. त्यानं किताब ओट्यावर ठेवली.

मोठीमायनं ती उचलली आणि मला उघडायला सांगितली. पहिल्या पानावर गोऱ्याचं नाव, त्याखाली सुभेदारांचं, आणि त्याखाली कागद पात्यानं इतका खरवडलेला की पलीकडचं दिसावं. त्या खरवडलेल्या जागेवर माधोरावांचं नाव, त्यांच्याच अक्षरात. सुभेदारांची उर्दू अक्षरं गेलेली. मोठीमायला वाचता येत नव्हतं, पण तिथे काय असायचं ते तिच्या डोळ्यांपुढे होतं. तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं आणि मला वाटलं की आता ती ते पान फाडणार. मी तर फाडलंच असतं.

"पेन्सिल द्या हवालदार," ती म्हणाली. त्याच्या खिशात भरतीची नावं लिहायची पक्की पेन्सिल होती, जिभेवर ओली केली की जांभळी उमटणारी. का कोण जाणे, त्यानं निमूट दिली. हुकूम ऐकायची सवय असावी.

"याचं नाव राहू दे," मोठीमाय मला म्हणाली. "खोडू नको. त्याच्या बाजूले लिही, यानं चोरली. मोठ्या अक्षरात लिही. आन् मंग खाली श्रावणचं नाव लिही. सुभेदारसाहेब गेले, आता त्याइच्या जागी मी देतो."

मी पेन्सिल जिभेवर घासली आणि लिहिलं. आयुष्यात पुढे मी शाळेत मास्तरीण झाले, हजारो पोरांचे कित्ते गिरवून घेतले, पण तसं सुबक अक्षर परत निघालं नाही. लिहून झाल्यावर मोठीमायनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं, भरतीच्या पोरांसमोर, मळेवाल्यांसमोर. मग तिनं त्याला सांगितलं, "वेलीवरचं पान देल्ल्याशिवाय पाहुना जात नाई," आणि खरंच एक पान खुडून त्याच्या हातावर ठेवलं. तो बुटांसकट तसाच चिखलातून निघून गेला. त्या दिवशी घरी आई मला विचारत होती की जीभ जांभळी कशानं झाली.

अशी गोष्ट चार भिंतीत राहत नाही. पानाच्या करंड्यांबरोबर ती अकोल्याला पोचली. आम्ही नेलीच, खोटं कशाला बोलू? जुन्या शहरात पान घेणाऱ्या प्रत्येक बाईला मी ती सांगितली, आणि ज्या दसऱ्याला हसल्या होत्या त्यांना दोनदा सांगितली. आखाड्यातली पोरं त्याला सोडून गेली. तो रस्त्यानं निघाला की गल्लीतून एखादं पोरगं ओरडायचं, "यानं चोरली!" पुढे पुढे तो घराबाहेर निघेना असं कळलं. मोठीमायला हे सांगितलं की ती भाकरीवर तेलाची धार जरा मोठी घ्यायची.

काही वर्षांनी, माझं लग्न ठरलेलं असताना, एक तरुण माणूस आमच्या अंगणात आला. कुंपणाबाहेरच वहाणा काढून आला. हवालदाराचा मुलगा. सभ्य, हळू बोलणारा, अकोल्यात कारकुनी करणारा. मोठीमायच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबाइचं काई खरं नाई, मावशी. डॉक्टरनं हात टेकले. अन्न जात नाई. एकच घोकून राहिले, की ते अक्षर खोडून आन. किताब तुमीच ठेवा. फक्त ते खोडा. त्याच्याशिवाय त्याइचा जीव जाईन असं वाटत नाई."

मी मोठीमायकडे बघितलं. माझी आई तर पदरानं डोळे पुसत होती, तिचा स्वभावच तसा. मोठीमाय त्या मुलाला म्हणाली, "बस. आधी जेव." तिनं स्वतः वाढलं. गरम भाकर, वांग्याचं भरीत, दूध. आग्रह केला. तो बिचारा खात होता आणि आशेनं तिच्याकडे बघत होता. आईला वाटलं, हिचं मन वळलं.

त्याचा हात धुऊन झाला तेव्हा मोठीमायनं विचारलं, "बोलनं समजते त्याले? कानानं आयकू येते?"

"हाव मावशी. सुध हाय. सगळं समजते."

"मंग लवकर जा," ती म्हणाली. "लहान आगगाडीनं जाऊ नको, ते वाटेत कुठीबी उभी राह्यते. अकोटावरून मोटर जाते, ते धर. आन् त्याले सांग, श्रावणच्या बायकोनं खोडलं नाई. जीव हाय तवरच सांग."

मोठीमायनं पायात काही न घालता त्या मुलाला मोटरीपर्यंत पोचवलं आणि ड्रायव्हरला विचारून घेतलं की दिवस मावळायच्या आत अकोल्याला पोचेल ना.